मराठी आकडे घेणारा फॉर्म : दूध संकलन प्रकल्पाच्या नोंदी

३ जून २०२४, सोमवार

संगमनेर तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेचं काम आजपासून हातात घेतलं. सभासद २१४. दूध सकाळ-संध्याकाळ दोन्ही पाळ्यांना येतं, नोंद वहीत होते आणि दर दहा दिवसांनी वहीवरून पगारपत्रक बनतं. इकडे दुधाच्या पैशांना ‘पगार’च म्हणतात, त्यामुळे स्क्रीनवरही तोच शब्द राहील. संस्थेची मागणी साधी आहे. पाळीची नोंद कॉम्प्युटरवर व्हावी, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) यांवरून दर निघावा, उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) आणि पशुखाद्य पगारातून कापलं जावं.

पीएचपी ८.२ ही भाषा, तिच्यातली सिम्फनी ६.४ ही वेब फ्रेमवर्क आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस, असं घेतलंय. लाराव्हेल या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्येही हे झालं असतं, पण तिथे गाभ्यात फॉर्म बिल्डर नाही. या कामात फॉर्म हाच सगळा जीव आहे. एकाच पद्धतीचं फील्ड वीस ठिकाणी येणार आणि प्रत्येक ठिकाणी त्याचं वागणं तेच असायला हवं. सिम्फनीचा फॉर्म कम्पोनन्ट नेमका यासाठी आहे. फील्डचा प्रकार एकदा लिहायचा आणि हवा तिथे वापरायचा. शिवाय तयार प्रकाराला हात न लावता त्याला बाहेरून नवं वागणं जोडता येतं.

मोबाईलवर वहीच्या चार पानांचे फोटो काढून आणलेत. सगळे आकडे मराठी. तेव्हा त्याकडे फारसं लक्ष गेलं नाही.

४ जून

लोकसभा निवडणुकीच्या निकालाचा दिवस. संस्थेत कोणी फोन उचलला नाही. डेटाबेसची रचना लिहून घेतली : सभासद, पाळी, नोंद, उचल, कपात, दरपत्रक.

६ जून

पहिला फॉर्म टाइप झाला. ‘अ‍ॅब्स्ट्रॅक्टटाइप’वरून क्लास काढला, ‘बिल्डफॉर्म’मध्ये पाच फील्डं घातली : सभासद, जनावर (गाय की म्हैस), लिटर, फॅट, एसएनएफ. ‘कॉन्फिगरऑप्शन्स’मध्ये डेटा क्लास दिला. आधी डेटा क्लास म्हणून थेट डॉक्ट्रिनची (डेटाबेसशी बोलणाऱ्या लायब्ररीची) एन्टिटीच, म्हणजे साठवायच्या नोंदीचा क्लासच, लावली होती. दुपारी लिटरचा रकाना रिकामा ठेवून सबमिट केलं आणि ‘ही किंमत आवश्यक आहे’ असा साधा संदेश येण्याऐवजी अख्खं पान एक्सेप्शन टाकून बंद पडलं.

कारण समजून घेण्यासारखं आहे. सिम्फनीचा फॉर्म आधी डेटा ऑब्जेक्टमध्ये लिहितो आणि नंतर व्हॅलिडेशन (किंमत नियमांत बसते का याची तपासणी) करतो. रिकामा रकाना म्हणजे नल, ‘किंमतच नाही’. माझ्या एन्टिटीत लिटर हे फ्लोट (दशांश संख्या) आहे, नल चालणार नाही असं लिहिलेलं. व्हॅलिडेटरची पाळी येण्याआधीच पीएचपीनं नकार दिला. एन्टिटीत सगळीकडे ‘नलही चालेल’ असं लिहून हे टाळता येतं, पण मग ‘लिटर नसलेली दुधाची नोंद’ ही अशक्य गोष्ट कोडमध्ये शक्य होते. ते नको. फॉर्मसाठी वेगळा साधा डेटा ऑब्जेक्ट केला. त्याचे सगळे रकाने रिकामे असू शकतात, आणि तो पास झाला तरच त्यातून खरी एन्टिटी तयार होते. दोन क्लास जास्त लिहावे लागले, पण चूक असलेली नोंद डॉक्ट्रिनच्या हाती पडण्याचा रस्ताच बंद झाला.

८ जून, शनिवार

प्रत्यक्ष संस्थेत गेलो. संकलनावर बसणाऱ्या ताईंना फॉर्म दाखवला. लॅपटॉप बाजूला सारून त्यांनी स्वतःचा फोन काढला आणि ब्राउझरमध्ये पान उघडलं. कीबोर्ड मराठी. पहिल्या रकान्यात त्यांनी सरळ ‘१२.५’ लिहिलं, वहीत लिहितात तसंच.

लिटर सेव्ह झालं. पण खाली जावास्क्रिप्टनं दाखवलेली पाळीची बेरीज ‘एनएएन’ (म्हणजे ‘हा आकडा नाही’) झाली. जावास्क्रिप्टचं पार्सफ्लोट मराठी आकडा वाचत नाही. नवा सभासद घालताना त्याहून वाईट झालं. मोबाईल नंबर त्यांनी मराठी आकड्यांत टाकला, फॉर्मनं तो स्वीकारला, आणि तोच नंबर मी लॅपटॉपवर इंग्रजी आकड्यांत टाकला तर तोही स्वीकारला. एकाच माणसाची दोन खाती. नंबर एकमेव असावा हा नियम मी लावला होता, तो नियम चालतही होता. पोस्टग्रेसच्या दृष्टीनं ती दोन वेगळी अक्षरमालिका होती आणि ते त्याचं बरोबरच होतं.

सचिव म्हणाले, “सर, ताईंना इंग्रजी आकडे टाकायला सांगू का? शिकतील त्या दोन दिवसांत.” मी नको म्हणालो. तीस वर्षांची वही मराठी आकड्यांत आहे. शिकायचं असेल तर ते फॉर्मनं शिकावं.

१० जून

आज कोड कमी, वाचन आणि तपासणी जास्त. कुठल्या थरावर मराठी आकड्याचं काय होतं ते एकेक करून पाहिलं.

पीएचपी स्वतः : ‘१२’ या अक्षरमालिकेचा पूर्णांक केला तर शून्य मिळतो. एरर नाही, वॉर्निंग नाही, फक्त शून्य. दुधाच्या नोंदीत यासारखी वाईट गोष्ट नाही.

रेगेक्स (मजकुराचा साचा तपासायची पद्धत) : ‘कोणताही अंक’ ही खूण एरवी इंग्रजी अंकच ओळखते. पण पॅटर्नला यू मॉडिफायर (युनिकोडचा पर्याय) लावला की पीएचपीत ती देवनागरी अंकही ओळखते. मोबाईलच्या नियमाला मी यू लावला होता, म्हणून मराठी नंबर आत आला. जावास्क्रिप्टमध्ये तीच खूण कायम फक्त इंग्रजी अंक ओळखते. म्हणजे एकच नियम सर्व्हरवर पास आणि ब्राउझरमध्ये नापास होऊ शकतो.

नंबरटाइप : हा फील्ड प्रकार आकडे वाचण्या-लिहिण्याचं काम इन्टल एक्स्टेन्शनकडे सोपवतो, आणि इन्टलच्या मागे आयसीयू ही भाषा-भाषांच्या लेखनपद्धती सांभाळणारी लायब्ररी आहे. पानाची भाषा मराठी ठेवली की आयसीयू आकडे देवनागरीत दाखवतं आणि देवनागरीत वाचतंही. लिटरचा रकाना म्हणूनच सेव्ह झाला. इथे माझं काही कर्तृत्व नाही, ती मेहनत दुसऱ्यांनी आधीच करून ठेवलेली आहे.

इंटिजरटाइप : ग्रुपिंग (हजारांचे स्वल्पविराम) न मागितल्यास हा मुद्दाम इंग्रजी पद्धतच वापरतो आणि ब्राउझरला ‘नंबर’ प्रकारचा इनपुट देतो. त्या इनपुटची किंमत इंग्रजी अंकांतच असली पाहिजे असं एचटीएमएलचं प्रमाण सांगतं. नाहीतर ब्राउझर ती रिकामी समजतो. मराठी कीबोर्डसाठी हा इनपुट निरुपयोगी. कुठेही वापरायचा नाही.

टेक्स्टटाइप : जसं येईल तसं आत सोडतो. मोबाईल, सभासद कोड, बँक खात्याचा नंबर, पिन कोड हे सगळे टेक्स्टटाइपच आहेत. त्यांच्यावर गणित करायचं नसतं आणि सुरुवातीचं शून्य जपायचं असतं, म्हणून ते तसेच असायला हवेत. खरं भगदाड इथे आहे.

ठरवलं ते असं : डेटाबेसमध्ये कायम इंग्रजी अंक, माणसासमोर कायम मराठी अंक, आणि या दोघांमधला दरवाजा एकच. प्रत्येक कंट्रोलरमध्ये (पानाची विनंती हाताळणाऱ्या कोडमध्ये) बदल करत बसायचं नाही.

११ जून

त्या दरवाजासाठी सिम्फनीत नेमकी जागा आहे : टाइप एक्स्टेन्शन. ‘अ‍ॅब्स्ट्रॅक्टटाइपएक्स्टेन्शन’वरून क्लास काढायचा आणि ‘गेटएक्स्टेन्डेडटाइप्स’ या स्टॅटिक मेथडमधून कोणत्या प्रकाराला जोडायचं ते परत करायचं. ऑटोकॉन्फिगर चालू असेल तर नोंदणीसाठी वेगळं काही लिहावं लागत नाही.

फॉर्म बांधताना आधी मूळ पालक प्रकाराचं ‘बिल्डफॉर्म’ चालतं, मग खुद्द प्रकाराचं, मग त्याला जोडलेल्या एक्स्टेन्शनचं. म्हणजे एक्स्टेन्शनला शेवटचा शब्द मिळतो. हा क्रम डोक्यात पक्का असला की निम्मे गोंधळ होतच नाहीत.

‘मराठी_अंक’ नावाचा नवा ऑप्शन काढला. तो खरा असेल तर बिल्डरला एक व्ह्यू ट्रान्सफॉर्मर जोडला जातो. फॉर्ममध्ये प्रत्येक फील्डचा डेटा तीन रूपांत असतो : मॉडेल, नॉर्म आणि व्ह्यू. मॉडेल म्हणजे आपल्या ऑब्जेक्टमधली किंमत, व्ह्यू म्हणजे रकान्यात दिसणारी, नॉर्म मधली. माझा ट्रान्सफॉर्मर नॉर्म आणि व्ह्यूच्या सीमेवर बसतो. आत येताना ० ते ९ मराठी अंकांचे इंग्रजी करतो, बाहेर जाताना उलट.

हेच प्रीसबमिट इव्हेंटवर (भरलेला फॉर्म आत येतानाच्या टप्प्यावर) लिसनर लावूनही झालं असतं आणि दोन ओळी वाचल्या असत्या. पण लिसनर फक्त येणारा रस्ता सांभाळतो. ताईंनी मोबाईल मराठीत टाकला, पत्त्यात काही चुकलं आणि फॉर्म परत दिसला, तर नंबर इंग्रजीत बदललेला दिसेल. आपण लिहिलेलं यंत्रानं बदललं, असं वाटून माणूस पुढच्या वेळी लिहिताना बिचकतो. ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशा एकाच ठिकाणी ठेवतो, म्हणून तोच.

एक बारीक खाच : पीएचपीतल्या एसटीआरटीआर या अक्षरं बदलणाऱ्या फंक्शनला दोन अक्षरमालिका दिल्या तर ते बाइटप्रमाणे अदलाबदल करतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरी अंक तीन बाइटचा असतो, त्यामुळे मजकुराची माती होते. अ‍ॅरे देऊन वापरलं की अक्षर अखंड राहतं. पहिल्या प्रयत्नात मी हीच चूक केली आणि रकान्यात चौकोन दिसले.

‘डीबग:फॉर्म’ कमांड चालवून टेक्स्टटाइपला माझं एक्स्टेन्शन जोडलेलं दिसतंय का ते पाहिलं. दिसतंय. पोस्टग्रेसमधल्या जुन्या चाचणी नोंदी ट्रान्सलेट फंक्शननं एका क्वेरीत सुधारल्या आणि दुबार सभासद काढला.

१२ जून

डिग्रीचा रकाना. काही वेळा दूध तपासायचं यंत्र बंद असतं, तेव्हा एसएनएफ मिळत नाही, लॅक्टोमीटरची (दुधाची घनता मोजणाऱ्या साध्या उपकरणाची) डिग्री मिळते. डिग्री भागिले चार, अधिक फॅटचा ठरावीक हिस्सा, अधिक एक स्थिरांक, असं एसएनएफ काढतात. गुणांक आणि स्थिरांक डेअरीप्रमाणे बदलतो, संस्थेत तो तक्ता भिंतीवर लावलेला आहे. म्हणून ‘दूधगुणवत्ता’ असा स्वतंत्र कम्पाउंड टाइप केला : आत फॅट, एसएनएफ, डिग्री ही तीन फील्डं, आणि गुणांक-स्थिरांक हे ऑप्शन. दोन्ही ‘सेटरिक्वायर्ड’, म्हणजे सक्तीचे. न देता फॉर्म उभाच राहणार नाही. कोडमध्ये आकडा दडवून ठेवला असता तर पुढच्या संस्थेत चुकीचा पगार निघाला असता.

बाहेर फक्त फॅट आणि एसएनएफ जातात, ते काम डेटा मॅपरचं, म्हणजे फील्ड आणि ऑब्जेक्टमध्ये किंमती नेणाऱ्या भागाचं. स्वतःचा मॅपर लिहिताना एक जबाबदारी आपल्यावर येते. सिम्फनीचा मूळ मॅपर, ज्या फील्डचं रूपांतर फसलंय त्याची किंमत ऑब्जेक्टमध्ये लिहीत नाही. आपल्या मॅपरमध्ये ती तपासणी आपणच करायची. मी विसरलो होतो. फॅटमध्ये चुकून ‘३.५फ’ टाकलं तेव्हा फॅट नल धरून एसएनएफ काढला गेला. ‘इजसिंक्रोनाइज्ड’ची (रूपांतर नीट झालंय का याची) अट घातल्यावर ठीक झालं.

१३ जून

सचिवांचा फोन : “सर, नवीन पासवर्ड लागंना.”

दीड तास शोधलं. पासवर्डटाइपचा पालक टेक्स्टटाइप आहे. ईमेल, टेलिफोन, टेक्स्टएरिया हेही त्याचेच. टेक्स्टटाइपला जोडलेलं एक्स्टेन्शन या सगळ्यांना लागू होतं, आणि काल रात्री टायपिंग वाचवायला मी ‘मराठी_अंक’ची मूळ किंमत ‘खरा’ करून ठेवली होती. सचिवांनी पासवर्डमध्ये मराठी अंक घातले. पासवर्ड बदलण्याच्या फॉर्मनं त्यांचे इंग्रजी केले आणि त्याचा हॅश (ज्यावरून मूळ पासवर्ड परत काढता येत नाही असा ठसा) साठवला. लॉगिनचा फॉर्म मात्र फॉर्म कम्पोनन्टमधून जात नाही, सिक्युरिटीचा ऑथेन्टिकेटर पासवर्ड थेट रिक्वेस्टमधून वाचतो. तिथे मराठी अंक तसेच राहिले. दोन्ही जुळणार कसे?

मूळ किंमत ‘खोटा’ केली. ज्या फील्डला हवंय तिथेच मागायचं. पासवर्ड हा माणसानं दिलेला शब्द आहे, त्यातलं एक अक्षरही आपण बदलायचं नाही. पत्त्यातले आणि शेऱ्यातले आकडेही जसेच्या तसे राहतील.

त्याच ओघात दुसरी बाजू दिसली. लॉगिनचं नाव म्हणजे मोबाईल नंबर, तोही थेट रिक्वेस्टमधून येतो. तो मराठीत टाकला तर सभासद सापडणार नाही. युजर शोधणाऱ्या रिपॉझिटरीत, शोधण्याआधी अंक बदलून घेतले. फंक्शन तेच, फक्त एक्स्टेन्शनमधून बाहेर काढून वेगळ्या क्लासात ठेवलं. एकच दरवाजा असं म्हणालो होतो, प्रत्यक्षात दोन निघाले. पण कुलूप एकच आहे.

१५ जून, शनिवार

उचलीचा फॉर्म. ताईंनी एका सभासदाची उचल ‘१,२५०’ अशी टाकली. यादीत १.२५ रुपये दिसले.

ही खोड माझ्या कोडची नाही, पण जबाबदारी माझीच. नंबरटाइपमध्ये ग्रुपिंग ऑप्शन मुळात बंद असतो. तो बंद असताना सिम्फनी असं समजते की हजारांचा स्वल्पविराम येणारच नाही, त्यामुळे आलेला स्वल्पविराम दशांशचिन्हच असणार, आणि त्याचा टिंब करून टाकते. फॅटसाठी हे उपयोगीच आहे : ‘३,५’ लिहिलं तरी साडेतीन. रुपयांसाठी घातक. ‘१,२५,०००’ टाकलं असतं तर दोन टिंबांमुळे एरर तरी आली असती, पण एकच स्वल्पविराम असलेली रक्कम गुपचूप हजारपटीनं लहान होते, आणि उचली बहुतेक वेळा एकाच स्वल्पविरामाच्या असतात.

‘रुपयेटाइप’ असा छोटा प्रकार केला. ‘गेटपेरेंट’मधून नंबरटाइप परत करायचा, ग्रुपिंग चालू, दोन दशांश, बस. सात ओळींचा क्लास आहे, पण आता कोणीही नवा रुपयांचा रकाना जोडला तरी ही चूक परत होणार नाही. फॅट-लिटरसाठी साधा नंबरटाइपच ठेवला. जावास्क्रिप्टच्या बेरजेतही आधी अंक इंग्रजी करणं आणि रुपयांतले स्वल्पविराम काढणं घातलं.

शिवाय उचल १० रुपयांपेक्षा कमी असेल तर एरर देणारा नियम लावला. संस्थेत कोणी एवढी लहान उचल घेत नाही.

१८ जून

पाळीचा मोठा फॉर्म. एका पानावर सगळे सभासद, कलेक्शनटाइपमधून (एकाच छोट्या फॉर्मच्या अनेक ओळी). वीस सभासदांवर दोन दिवस छान चालला. आज सगळे २१४ घातले आणि सबमिट केल्यावर वर लाल अक्षरांत आलं की सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच पानावरून आल्याची गुप्त खूण) अवैध आहे, पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा प्रयत्न केला. तेच.

टोकन म्हटल्यावर सेशन, कुकी, कॅश हे सगळं तपासलं. त्यात संध्याकाळ गेली. शेवटी रिक्वेस्टमध्ये प्रत्यक्ष काय आलंय ते छापून पाहिलं आणि उत्तर समोर आलं. दोनशेव्या ओळीत सभासद, जनावर आणि लिटर होतं. फॅट नव्हतं. त्यापुढे काहीच नव्हतं.

पीएचपीची एक मर्यादा आहे, मॅक्स इनपुट व्हार्स, मूळ किंमत १०००. त्याहून जास्त रकाने आले तर पुढचे टाकून दिले जातात. तारीख आणि पाळी हे दोन, १९९ ओळींचे पाच-पाच (या पानावर डिग्रीचा रकाना नाही) म्हणजे ९९५, आणि दोनशेव्या ओळीतले तीन. बरोबर हजार. सिम्फनी टोकनचा लपलेला रकाना फॉर्मच्या अगदी शेवटी छापते, म्हणून तो कापला गेला. टोकनची एरर आली ती या कारणानं. पीएचपीची वॉर्निंग लॉगमध्ये पडली होती, मी चुकीचा लॉग पाहत होतो.

रात्री झोपताना लक्षात आलं की ती एरर आली हे आपलं भाग्य. कलेक्शनला मी ‘अलाउ डिलीट’ लावलंय. त्याचा अर्थ, जी ओळ सबमिटमध्ये आली नाही ती काढून टाकायची. टोकन फॉर्मच्या सुरुवातीला छापलं असतं आणि काप नेमका दोनशेवी ओळ पूर्ण झाल्यावर पडला असता, तर फॉर्म पास झाला असता आणि शेवटच्या चौदा सभासदांच्या आधीच सेव्ह केलेल्या नोंदी पुसल्या गेल्या असत्या. लाल अक्षर नाही, काही नाही. दहा दिवसांनी पगार कमी आला की मगच कळलं असतं, तेही त्या चौदा घरांना.

१९ जून

मर्यादा वाढवून ५००० करणं हा एका ओळीचा उपाय होता. तो केला नाही. ती सर्व्हरची सेटिंग आहे. उद्या होस्टिंग बदललं की ती परत १००० होईल आणि तेव्हा कोणाच्या लक्षात नसेल.

त्याऐवजी फॉर्मच बदलला. मुळात दूध घेताना २१४ जण एकदम समोर नसतात. एक माणूस किटली घेऊन येतो, त्याचा कोड विचारतात, माप होतं, नोंद होते. पानही तसंच केलं : वर एका नोंदीचा छोटा फॉर्म, खाली आतापर्यंतच्या नोंदींची यादी. कोड टाकला की नाव दिसतं, लिटर, फॅट, एसएनएफ, एन्टर, पुढचा. पाळीची दुरुस्ती करायचं पान वेगळं, त्यात एका वेळी २५ ओळी, आणि ‘अलाउ डिलीट’ बंद. नोंद काढायची असेल तर ती वेगळ्या बटणानं, कारण लिहून.

दोन दिवसांचं कलेक्शनचं काम बाजूला पडलं. पण हा फॉर्म संकलनाच्या ओट्यावर जे घडतं त्याच्यासारखा आहे.

२१ जून

वटपौर्णिमा. ताई सुट्टीवर, त्यामुळे आज नावांचा शोध हातात घेतला. गावातल्या ‘गोऱ्हे’ आडनावाचे सभासद शोधात निम्मेच सापडत होते. ऱ्ह मधला तो चंद्रकोरी र दोन तऱ्हांनी लिहिला जातो. काही कीबोर्ड ‘ऱ’ हे वेगळं अक्षर घेऊन त्याला हलन्त जोडतात, काही साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारा जोडक घालतात. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन हे दोन एक करत नाही, तेही करून पाहिलं.

दुसरं एक्स्टेन्शन काढलं, ‘मराठी_नाव’. नावाच्या फील्डवर दुसरी तऱ्हा पहिल्यात बदलते. यातही मूळ किंमत ‘खोटा’. शोधाच्या रकान्यालाही तेच लावलं, नाहीतर साठवलेलं एक आणि शोधलेलं दुसरं असं झालं असतं.

२४ जून

टेस्ट. टाइपटेस्टकेस या सिम्फनीच्या टेस्ट क्लासमध्ये कंटेनर (क्लास आपोआप जोडून देणारा भाग) नसतो, त्यामुळे आपली एक्स्टेन्शनं आपोआप जोडली जात नाहीत. ‘गेटटाइपएक्स्टेन्शन्स’मधून ती स्वतः द्यावी लागतात. नाही दिली तर ‘मराठी_अंक असा ऑप्शनच नाही’ अशी एरर येते. ती येते हे चांगलंच आहे, विसरलेलं लगेच कळतं.

ज्या ज्या दिवशी काही फुटलं त्या प्रत्येकाची एक टेस्ट लिहिली : मराठी मोबाईल आत इंग्रजी होतो आणि बाहेर मराठी येतो. पासवर्डातला मराठी अंक जसाच्या तसा राहतो. ‘१,२५०’ म्हणजे बाराशे पन्नास. ‘३,५’ फॅट म्हणजे साडेतीन. रिकामं लिटर संदेश देतं, एक्सेप्शन नाही. डिग्री दिली आणि फॅट चुकलं तर एसएनएफ निघत नाही. दोन तऱ्हांचे गोऱ्हे एकच. एकूण एकोणीस टेस्ट, सगळ्या हिरव्या.

२७ जून

फॉर्म थीम. प्रत्येक प्रकाराच्या नावावरून ट्विगचा (पानाच्या टेम्प्लेटचा) ब्लॉक ठरतो, त्यामुळे ‘दूधगुणवत्ता’चा ब्लॉक एकदाच लिहिला आणि तिन्ही रकाने एका ओळीत आणले. इनपुट साधा टेक्स्टच, पण इनपुटमोड दशांश ठेवला, म्हणजे फोनवर थेट आकड्यांचा कीबोर्ड वर येतो. ताईंच्या सूचनेवरून अक्षरं मोठी केली आणि फॅटचा रकाना पिवळा. पहाटेच्या पाळीला उजेड कमी असतो.

गाईच्या दुधाला ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ हा पाया धरून आणि म्हशीच्या दुधाला ६ आणि ९ धरून, त्याच्या बरंच खाली-वर गेलं तर फॉर्म विचारतो : ‘नक्की?’ अडवत नाही. खरंच पातळ दूध आलं तर ते तसंच नोंदवलं गेलं पाहिजे.

१ जुलै, सोमवार

आजपासून वही आणि कॉम्प्युटर दोन्ही, पहिल्या दहा दिवसांच्या पगारापर्यंत. सकाळी साडेपाचला संस्थेत हजर होतो. १८७ जणांनी दूध घातलं. वहीची बेरीज आणि पडद्यावरची बेरीज जुळली. ताईंनी दोनदा मोजून पाहिली.

एक सभासद आजोबा पावती हातात घेऊन बराच वेळ पाहत उभे होते. मग म्हणाले, “यातलं मला वाचता येतंय.” पावतीवर लिटर, फॅट, दर, रक्कम, सगळं मराठी आकड्यांत होतं.

राहिलेलं : पशुखाद्याच्या कपातीत हप्त्यांची सोय. बँक खात्याच्या रकान्याला ‘मराठी_अंक’ लावायचं राहून गेलंय, ते संध्याकाळच्या पाळीआधी. आणि पावतीच्या प्रिंटरचा कागद संपत आलाय, सचिवांना सांगायचं.